फोनची कंपनी बदलताय? आधी खुंटे मोजा

मागच्या दिवाळीच्या तोंडावर कराडच्या आत्यानं फोन बदलला. जुना एका कंपनीचा, नवा दुसऱ्या कंपनीचा, ऑनलाइन सेलमधला, एक्स्चेंजवर घेतलेला. डिलिव्हरीचा मुलगा दारात उभा. त्याला अजून दहा घरं गाठायची होती. त्यानं जुना फोन चालू-बंद करून पाहिला, काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काकू, रिसेट मारून द्या." काकूंनी मारला. संध्याकाळी नव्या फोनमध्ये शोधाशोध सुरू झाली, तेव्हा कळलं की फराळाच्या सगळ्या ऑर्डरी जुन्या फोनच्या नोट्समध्ये होत्या. कुणाला किती किलो चकली, कुणाचा चिवडा बिनलसणाचा, कुणी ॲडव्हान्स दिला, सगळं गेलं. मग आत्या दोन दिवस एकेकीला फोन करून "तुमची ऑर्डर काय होती हो?" विचारत बसली. गंमत अशी, की त्या वर्षी ॲडव्हान्स दिलेल्या गिऱ्हाइकांची संख्या आपोआप दोन-चारनं वाढली.

आमच्या घरात आणि आसपास फोनचा वैद्य मीच. त्यामुळे ही निस्तरानिस्तर माझ्याकडे आली, पण निस्तरण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते नोट्सचं ॲप फोनच्या कंपनीचं होतं, त्याला कंपनीचं खातं लागतं आणि ते आत्यानं कधी उघडलंच नव्हतं. तेव्हापासून कुणी "अमुक कंपनीचा घेऊ का तमुक?" असं विचारायला आलं, की मी कॅमेरा, रॅम वगैरे मागे ठेवतो आणि आधी विचारतो, जुना फोन हातात किती दिवस ठेवणार? पुढचं बहुतेक सगळं त्या उत्तरावर ठरतं.

खरंच बदलायचा आहे का

यावर फार वेळ घालवत नाही. फोन मंद झाला असेल तर आधी स्टोरेज बघा. ते काठोकाठ भरलं असेल तर कुठल्याही कंपनीचा फोन रखडतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा. कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली ते आकड्यांत दिसतं. 'सुप्रभात' पाठवणारे ग्रुप वरच सापडतात. बॅटरी दुपारीच मान टाकत असेल, तर अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलायचा खर्च विचारून या. तरीही मन नव्यावरच असेल तर पुढे वाचा. मला त्यात काही गैर वाटत नाही.

चार खुंटे

फोनमधली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या खुंट्याला बांधलेली असते. कंपनी बदलताना सगळा घोळ होतो तो कोणतं जनावर कोणत्या खुंट्याला बांधलंय हे माहीत नसल्यामुळे. एक वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा.

पहिला खुंटा तुमच्या मोबाइल नंबरचा. व्हॉट्सॲप, यूपीआय, बँकेची ॲप, ओटीपी हे सगळं इथं. नंबर तोच राहिला तर हे नव्या फोनवर उभं राहतं, फक्त पुन्हा ओळख पटवावी लागते.

दुसरा गुगल खात्याचा. जीमेल, कॅलेंडर, गुगल फोटोज, ड्राइव्ह आणि गुगलमध्ये सेव्ह केलेले नंबर. हा सगळ्यात भरवशाचा, कारण आयफोनवरसुद्धा गुगलचं खातं उघडतं. बाराही महिने आयफोनच वापरलेल्यांसाठी याच जागी ॲपलचं खातं आणि आयक्लाउड असतं, पण ते अँड्रॉइडवर इतक्या सहज येत नाही.

तिसरा फोनच्या कंपनीच्या खात्याचा. सॅमसंग नोट्स, शाओमीच्या नोट्स, कंपनीचं क्लाउड, कंपनीचं हेल्थ ॲप, थीम. आत्याच्या चकल्या इथंच बुडाल्या. कंपनी बदलली की हा खुंटा मागं राहतो.

चौथा खुद्द हँडसेटचा, आणि खरा धोका इथं आहे. यातलं काहीही कुठल्याही खात्यात नसतं, फोन गेला की तेही जातं. व्हॉइस रेकॉर्डरमधले आवाज, कॉल रेकॉर्डिंग, 'फोन' या जागी सेव्ह झालेले नंबर, डाउनलोड्समधला सातबारा, ब्लूटूथनं आलेलं काहीबाही. सेफ फोल्डर किंवा प्रायव्हेट सेफमध्ये लपवलेले फोटोही इथलेच; ते आधी बाहेर काढल्याशिवाय नव्या फोनमध्ये येतील असं धरू नका. यूपीआय लाइटची शिल्लकही इथलीच. लहान रकमा पिनशिवाय देण्यासाठी बाजूला काढून ठेवलेले ते पैसे त्या फोनमधल्या त्या ॲपशी बांधलेले असतात. फोन बदलण्याआधी यूपीआय लाइट बंद केलं की शिल्लक बँकेच्या खात्यात परत येते. शेतकरी असाल आणि ई-पीक पाहणीची नोंद रेंज नसताना शिवारात भरून ठेवली असेल, तर ती अपलोड झालीय का तेही याच रकान्यात लिहा.

वहीचं पान भरायला अर्धा तास लागतो. फोनमधलं एकेक ॲप उघडायचं आणि विचारायचं, हा फोन आत्ता विहिरीत पडला तर यातलं काय जाईल?

दुकानात गेल्यावर

जाहिरातीत आकडे असतात, तुमच्या रोजच्या कामाच्या गोष्टी नसतात. मी दुकानात काय बघतो ते सांगतो.

सेवा केंद्र. पुण्या-मुंबईत हा प्रश्न येत नाही. पण तुम्ही जत किंवा शहाद्याला राहत असाल, तर त्या कंपनीचं अधिकृत केंद्र सर्वांत जवळ कुठल्या गावी आहे ते खरेदीआधी शोधा. एसटीनं जाऊन-येऊन दिवस मोडणार असेल, तर तो खर्च फोनच्या किमतीत धरा. त्याच वेळी गावातल्या मोबाइल ॲक्सेसरीवाल्यालाही विचारा, या मॉडेलची काच आणि कव्हर मिळतं का. त्याच्याकडे मिळत असेल तर ते मॉडेल तुमच्या भागात खपतं, आणि खपणाऱ्या मॉडेलची डिस्प्ले फुटली तर दुरुस्तीवालाही सापडतो.

अपडेट किती वर्षं. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. पण हे त्या मॉडेलांपुरतं. त्याच कंपनीच्या स्वस्त फोनला तेवढीच वर्षं मिळतील असं गृहीत धरू नका, मॉडेलचं नाव घेऊनच विचारा. कंपनीचं नाव मोठं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एवढंच, की एप्रिल २०२१ मध्ये एलजीनं मोबाइलचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं होतं.

कॉल रेकॉर्डिंग. वकील, दलाल, ठेकेदार यांना हे विचारावंच लागतं. गुगलनं मे २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डिंगच्या ॲपांना बंदी घातली, त्यामुळे आता फोनमध्ये जे मुळात आहे तेवढंच. ज्या फोनमध्ये गुगलचा डायलर (कॉल लावायचं ॲप) आहे, तिथं रेकॉर्डिंग सुरू केलं की समोरच्याला तशी सूचना ऐकू जाते. आयफोनमध्ये ही सोय आयओएस १८.१ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, आणि तिथंही सूचना ऐकू जाते. दुकानातल्या डेमो फोनवरून स्वतःलाच एक कॉल लावून बघा. सेल्समनच्या सांगण्यावर जाऊ नका, त्याला बऱ्याचदा ठाऊक नसतं.

आणि मराठी. हे तर डेमो फोनवर दोन मिनिटांत कळतं. संदेश लिहायला उघडा आणि "सह्याद्रीच्या दऱ्या" टाइप करा. 'दऱ्या' न येता 'दर्या' आला तर डोंगरातून थेट समुद्रात गेलात. मग 'ळ', 'ॲप', 'ज्ञ' लिहून बघा. नाही जमलं म्हणून फोन नाकारायची गरज नाही, गुगलचा कीबोर्ड जीबोर्ड अँड्रॉइडवरही चालतो आणि आयफोनवरही. पण बोटांची सवय मोडते, आणि कीबोर्डनं शिकलेले तुमचे खास शब्द, गावाची नावं, आडनावं नव्या कीबोर्डला परत शिकवावी लागतात. फोनचे मेनूच मराठीत हवे असतील, तर अँड्रॉइडमध्ये ती सोय जुनी आहे, आयफोनमध्ये ती २०२५ मध्ये आयओएस १८.४ सोबत आली.

चार्जरचं थोडं विस्तारानं सांगतो, कारण इथं लोक फसतात. २०२३ च्या आयफोन १५ पासून आयफोनलाही टाइप-सी पिन आली. आता सगळ्यांची पिन एकच म्हणून सगळे चार्जर सारखे, असा समज झाला. पिन एक असली तरी वेगाची भाषा वेगवेगळी असते. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांच्या ८० वॉटच्या चार्जरची स्वतःची पद्धत आहे. तो सॅमसंगला लावलात तर फोन चार्ज होतो, पण ८० वॉटनं नाही, निवांत. सॅमसंग, पिक्सेल आणि आयफोन यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही सामायिक पद्धत वापरतात. ॲपलनं २०२० च्या आयफोन १२ पासून आणि सॅमसंगनं २०२१ च्या एस २१ पासून महागड्या फोनच्या डब्यातून चार्जर काढूनच टाकला. तेव्हा डब्यात चार्जर आहे का विचारा, नसेल तर त्याचे पैसे किमतीत मिळवा. वर चारचाकीतला चार्जर आणि पॉवर बँकसुद्धा जुन्या कंपनीच्या भाषेतली असू शकते.

मनगटावर घड्याळ असेल तर आणखी एक. ॲपल वॉच अँड्रॉइडला जोडता येत नाही. सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच ४ आणि त्यापुढची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. नुसता फोन बदलायला निघालेला माणूस घड्याळासकट बदलून येतो तो असा.

एक्स्चेंजचा हिशेब

आता मूळ मुद्द्यावर येतो. ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये नवा फोन मिळतो त्याच क्षणी जुना द्यावा लागतो. म्हणजे दोन्ही फोन एका वेळी तुमच्या ताब्यात पाच मिनिटंही नसतात. त्याच कंपनीचा पुढचा फोन घेणाऱ्याचं यात एक वेळ निभावतं. कंपनी बदलणाऱ्याला मात्र दोन्ही फोन शेजारी शेजारी लागतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲप नेण्याची जी अधिकृत पद्धत आहे, तिच्यात दोन्ही फोन हजर आणि चालू लागतात. गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. म्हणजे डिलिव्हरीच्या मुलाच्या पिशवीत जुना फोन गेला, की दहा वर्षांच्या गप्पा त्याच पिशवीतून गेल्या.

माझा सल्ला सरळ आहे, पंधरा दिवस जुना फोन हातात ठेवा. एक्स्चेंजचा भाव आणि नंतर स्वतंत्रपणे विकल्यावर मिळणारा भाव दोन्ही काढा. फरक हजार-दीड हजाराचा असेल तर तो या पंधरा दिवसांचं भाडं समजून सोडून द्या. फरक मोठाच असेल, बोनस वगैरे मिळून डोळ्यांत भरणारा असेल, तर ओळखीच्या दुकानदाराकडून घ्या. पुष्कळ दुकानदार नवा फोन आधी देतात आणि जुना चार दिवसांनी आणायला सांगतात. ऑनलाइनवाल्याला ही विनंती करून उपयोग नाही.

आठवडाभर आधी

नंबरांपासून सुरुवात करा. फोनच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये नंबर कुठे सेव्ह आहेत ते दिसतं: गुगल, सिम, फोन किंवा कंपनीचं खातं. सिमवर फार नंबर मावत नाहीत आणि नावापलीकडे जवळजवळ काही राहत नाही. सगळे नंबर एक्स्पोर्ट करून एक व्हीसीएफ फाइल बनवा, ती स्वतःला ईमेल करा आणि मग गुगल खात्यात इम्पोर्ट करा. नंतर संगणकावर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडून आकडा जुळवा. फोनमध्ये ८४० आणि गुगलमध्ये ६१२ असतील तर काहीतरी मागं राहिलंय. मराठीत लिहिलेली नावं मुद्दाम तपासा. 'आबा दूधवाले'च्या जागी अगम्य चिन्हांची रांग आली, असं मी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

फोटो. गुगलचं फुकट मिळणारं १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतं. १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद फोटो बंद झाले आणि नंतर अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. आयक्लाउडवर तर फुकट ५ जीबीच. त्यामुळे "माझं सगळं क्लाउडवर आहे" हे वाक्य पडताळल्याशिवाय खरं मानू नका. गुगल फोटोज उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टॅप करा. बॅकअप पूर्ण झालाय, की 'स्टोरेज फुल' म्हणून गेल्या वर्षापासून अडून बसलाय, ते तिथं लिहिलेलं असतं. मी तरी एक प्रत केबलनं लॅपटॉपवर काढतोच. लॅपटॉप नसेल तर टाइप-सीचा पेन ड्राइव्ह थेट फोनला लागतो. फक्त कॅमेरा फोल्डर नाही, व्हॉट्सॲपचे फोटोही घ्या. ते आता अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सॲप अशा आडवाटेच्या फोल्डरात असतात.

नोट्स एकेक करून शेअर करण्यापेक्षा, बहुतेक नोट्स ॲपमध्ये पीडीएफ किंवा मजकूर म्हणून बाहेर काढायची सोय असते, ती वापरा. थोड्याच असतील तर सरळ गुगल कीप या गुगलच्या नोट्स ॲपमध्ये डकवा. व्हॉइस रेकॉर्डिंगची फोल्डरं तशीच्या तशी उचला. ऑथेंटिकेटर (लॉगइनचे कोड देणारं ॲप) वापरत असाल तर त्यात खातं जोडून सिंक चालू करा. गुगल ऑथेंटिकेटरला ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याआधीपासून खात्याविना वापरत असाल तर कोड फक्त हँडसेटमध्येच असतील.

मेमरी कार्ड असेल तर बघा, नव्या फोनला खाच आहे का. आयफोनला नसते, आता बऱ्याच अँड्रॉइडलाही नसते. जुन्या फोननं कार्ड एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद केलं असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही. एन्क्रिप्शन जुन्या फोनमध्येच काढा.

पैसे देऊन घेतलेली ॲप प्ले स्टोअरवरून ॲप स्टोअरवर जात नाहीत. प्ले स्टोअरमधून चालू केलेल्या मासिक वर्गण्या आधी रद्द करा, नाहीतर फोन बदलला तरी पैसे कापले जातील.

बदलाचा दिवस

रविवार सकाळ निवडा. महिन्याची एक तारीख नको, लग्नाला निघायच्या आदला दिवस तर मुळीच नको. कारण पुढे येईल.

दोन्ही फोन पूर्ण चार्ज करा, चार्जरला लावलेलेच ठेवा, एकाच वाय-फायवर आणा.

अँड्रॉइडवरून दुसऱ्या कंपनीच्या अँड्रॉइडवर जात असाल, तर नव्या फोनच्या सुरुवातीच्या सेटअपमध्येच "जुन्या फोनवरून डेटा आणा" असं विचारतात. तिथं 'नंतर' दाबू नका. सॅमसंगचं स्मार्ट स्विच, विवोचं ईझीशेअर, ओप्पो-वनप्लस-रिअलमीचं क्लोन फोन ही ॲप दुसऱ्या कंपनीच्या फोनवरूनही डेटा ओढतात. नियम सोपा, ज्या कंपनीत जायचंय तिचं ॲप दोन्ही फोनवर टाकायचं. व्हॉट्सॲप मात्र मी वेगळं नेतो. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स. नव्यावर तोच नंबर टाकला की क्यूआर कोड दिसतो, तो जुन्या फोननं स्कॅन करायचा. क्लाउडची भानगड नाही, घरातल्या घरात काम होतं.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल तर ॲपलचं मूव्ह टू आयओएस हे ॲप जुन्या फोनवर टाका. आयफोन सुरू करताना 'फ्रॉम अँड्रॉइड' निवडलं की तो एक कोड दाखवतो, तो जुन्या फोनमध्ये भरायचा आणि यादीत व्हॉट्सॲपवरही खूण करायची. आयफोन कोरा हवा, नुकताच डब्यातून काढलेला किंवा रिसेट केलेला. उत्साहात आधीच सेटअप करून दोन दिवस वापरलात तर पुसून पुन्हा सुरू करावं लागेल. डेटा जात असताना जुन्या फोनवर दुसरं ॲप उघडू नका, आलेला कॉल घेऊ नका. पट्टी बराच वेळ एका जागी थांबते, तशी थांबू द्या. एका मित्रानं "अडकलं" म्हणून तीनदा बंद केलं. चौथ्यांदा त्याला जेवायला बाहेर नेलं, परत आलो तेव्हा झालेलं होतं.

आयफोनवरून अँड्रॉइडवर येणाऱ्यांना केबल लागते. जुन्या आयफोनला लाइटनिंग ते टाइप-सी, १५ पासून पुढे दोन्हीकडे टाइप-सी. नवा अँड्रॉइड सेटअप करतानाच केबल जोडा, आयफोनवर व्हॉट्सॲपच्या चॅट्समध्ये 'मूव्ह चॅट्स टू अँड्रॉइड' आहे. आणि सिम काढण्याआधी आयफोनवर आयमेसेज ही ॲपलची संदेशसेवा बंद करा. विसरलात तर तुमचे आयफोनवाले मित्र पाठवतील ते संदेश जुन्याच पत्त्यावर जात राहतात आणि तुम्हाला वाटतं, लोक बोलेनासे झाले.

दोन नंबरांची दोन व्हॉट्सॲप चालवणाऱ्यांनी जरा थांबा. ड्युअल ॲप नावाची जुळी प्रत ही कंपनीची सोय आहे. कंपन्यांची ट्रान्सफर ॲप ती प्रत सहसा नेत नाहीत आणि आयफोनमध्ये अशी जुळी प्रत काढता येत नाही. दुकानाचा नंबर बदलाच्या आधीच व्हॉट्सॲप बिझनेसवर हलवा, ते दोन्हीकडे चालतं.

पैशाची ॲप

गुगल पे, फोनपे, भीम उघडलं की ते तुमच्या सिममधून एक एसएमएस पाठवून नंबर तपासतं. म्हणून तीन गोष्टी: सिम नव्या फोनमध्येच हवं, दोन सिम असतील तर बँकेला जोडलेलंच निवडायला हवं, आणि रिचार्जमध्ये एसएमएस हवेत. फक्त डेटाचा स्वस्त पॅक मारलेला असेल तर इथंच गाडी अडते आणि लोक बँकेला शिव्या देतात. अँड्रॉइडवर हा एसएमएस आपोआप जातो. आयफोनवर संदेशाची खिडकी उघडते आणि 'सेंड' तुम्हालाच दाबावं लागतं. त्यातला मजकूर बदलू नका, पुसू नका. जुना यूपीआय पिन चालतो. तो बँकेकडे असतो, फोनमध्ये नाही.

एक तारीख नको असं म्हणालो त्याचं कारण हे. फोन बदलल्यावर सुरुवातीला यूपीआयवर मर्यादा येते: बहुतेक बँकांत अँड्रॉइडवर पहिले २४ तास आणि आयफोनवर ७२ तास मिळून ५,००० रुपयेच. घरभाडं, शाळेची फी, किराण्याची उधारी त्यात बसत नाही. मोठी देणी आदल्या दिवशी देऊन टाका आणि खिशात थोडी रोकड ठेवा.

त्याच दिवशी सिमही बदलायचं असेल, म्हणजे साध्या सिमचं ई-सिम (फोनमध्येच असलेलं, कार्डाशिवायचं सिम) करायचं असेल किंवा खराब झालं म्हणून नवं घ्यायचं असेल, तर ते वेगळ्या दिवशी करा. सिम बदललं की फसवणूक रोखण्यासाठी २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. ओटीपी नाही, यूपीआयची नोंदणी नाही, बँकेचं ॲप नाही. आयफोन एअरसारखा फोन घेत असाल तर तो फक्त ई-सिमवर चालतो. मग ई-सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस चालणार नाहीत, असं धरूनच बदलाचा दिवस निवडा.

लोकलचा पास मोबाइलवर असेल तर सोमवारी सकाळी फलाटावर उभं राहून नाही, रविवारीच नव्या फोनवर लॉगइन करून तो दिसतो का बघा.

पहिले पंधरा दिवस

बोटं चुकतील. मागे जायचं बटण नाही म्हणून अंगठा हवेत फिरेल. ते चार दिवसांत सुटतं. त्रास देतात त्या न दिसणाऱ्या गोष्टी. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप मारून टाकतात, मग व्हॉट्सॲपचे संदेश ॲप उघडल्यावरच एकदम कोसळतात. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, ऑटोस्टार्ट नावाचा पर्याय असेल तर तो चालू करा. गजर पहिल्या रात्री दोन्ही फोनवर लावा.

आयफोनवर आलेल्यांना सरकारी फॉर्म भरताना वेगळाच अनुभव येतो. फोटो अपलोडच होत नाही, कारण कॅमेरा एचईआयसी या प्रकारात फोटो काढतो आणि संकेतस्थळ जेपीजी मागतं. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, त्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला हे शोधत बसू नका.

जुना फोन या दिवसांत वाय-फायवर, टेबलावर. रोज एक-दोनदा तो हातात घ्यावा लागतोच, काहीतरी आठवतं. प्रत्येक वेळी वहीत टिपा आणि ते नव्यात आणा. सलग चार दिवस तो उचलावा लागला नाही, की त्याची सुट्टी करायला हरकत नाही.

जुना देताना

आधी खाती काढा, मग रिसेट. हा क्रम उलटा करू नका. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन लॉक काढून गुगलचं आणि कंपनीचं खातं काढायचं, आयफोनमध्ये 'फाइंड माय' बंद करून ॲपलच्या खात्यातून साइन आउट व्हायचं. खातं तसंच ठेवून बटणं दाबून रिसेट केलेला फोन सुरू होताना तुमचाच पासवर्ड मागतो. घेणारा मग रात्री साडेदहाला फोन करतो. खाती काढल्यावर सेटिंग्जमधून फॅक्टरी रिसेट मारा, फोन नव्यासारखा 'हॅलो' म्हणेपर्यंत थांबा.

ओळखीबाहेरच्या माणसाला विकत असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक काढा. तो, घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि सही एका कागदावर घ्या. तुम्हीच जुना फोन विकत घेणार असाल तर इंग्रजीत के, वाय, एम ही अक्षरं, मध्ये जागा सोडून आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस करा. फोनचं मॉडेल आणि तो चोरीचा म्हणून अडवलेला आहे का ते उत्तरात येतं. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही हे बघता येतं.

आणि सिमचा ट्रे बाहेर ओढून बघा. आत्याचा त्याआधीचा फोन भाच्याला दिला, तेव्हा तिचं मेमरी कार्ड त्यातच गेलं होतं. सहा महिन्यांनी परत आलं, आणि अनारशाचं प्रमाण लिहिलेल्या कागदाचा फोटो त्यातच सापडला.